हरिकेनची आंघोळ

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंद्रजितरावांनी आपलं विमान पूजेला मांडायचं ठरवलं, तेव्हा त्यात वावगं असं काहीच नव्हतं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते हत्यार दसऱ्याला पुजायचं, ही घरातली जुनी रीत. त्यांच्या आई सारजाबाई कोयता, खुरपं, विळी आणि पहार मांडायच्या. बायको गौतमी भाड्याच्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा मांडायची (त्याच्यापुढे भाडेकरू वर्षभर हात जोडत, दसऱ्याला घरचेही जोडत). आणि इंद्रजितराव मांडायचे पतसंस्थेतलं बॉलपेन. त्यावर फूल ठेवलं की पेन घरंगळत पाटाखाली जायचं आणि पुढच्या सणापर्यंत सापडायचं नाही. त्यांच्या हत्याराची घरातली पत ही अशी होती.

यंदा मात्र त्यांना ती वाढवायची होती, कारण प्रश्न खोलीचा होता.

मारुंजीतली त्यांची शेती सुटली आणि त्या जागी त्यांची तीन मजली इमारत उभी राहिली. हिंजवडीत नोकरी करणारी पोरं खोल्या धरून राहू लागली. तळमजल्यावरची कोपऱ्यातली एक खोली तेवढी भाड्याला गेली नव्हती, कारण तिथे दुसऱ्या महायुद्धातली विमानं मुक्कामाला होती. इंद्रजितराव धातूची विमानं करत. तयार आणून कपाटात ठेवणाऱ्यांतले ते नव्हेत. पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्याचे सुटे भाग मागवायचे, चिमट्यानं वाकवायचे, डाख देऊन जोडायचे आणि मग बारीक कुंचल्यानं रंगवायचे. दिवसभर पतसंस्थेत दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारून आलेला हा माणूस त्या खोलीत शिरला की वेगळाच व्हायचा. आपल्या हातानं काहीतरी बनतंय, असं त्यांना जगात तेवढ्या एकाच जागी वाटायचं. ती खोली गेली तर आपण नुसता शिक्का उरू, ही त्यांना मनापासून भीती होती.

गौतमी वाईट नव्हती, हिशेबी होती. तिच्या मते हा नाद होता, इंद्रजितरावांच्या मते हे काम होतं, आणि वाद वर्षानुवर्षं तिथेच अडला होता. शेवटी तिनं निकाल काढला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लवळ्याच्या एका कॉलेजात मॉडेलांचं प्रदर्शन होतं.

"घरच्यांनी वा म्हटल्याचं सोडा," ती म्हणाली, "तिथल्या जाणत्या माणसानं बक्षीस दिलं तर खोली तुमची. न्हाईतर दिवाळीनंतर तितं भाडेकरू येत्यात. मी शब्द देते आन पाळते."

इंद्रजितराव निर्धास्त होते. त्यांचं हरिकेन तयार होतं. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं लढाऊ विमान, हातभर पंखांचं. आणि या हरिकेनची खरी कला होती त्याच्या मळात. कोरं करकरीत विमान कुणीही रंगवील; लढून आलेलं विमान करायला तपश्चर्या लागते. धुराड्यांमागे काजळी, पोटाखाली तेलाचे ओघळ, वैमानिक पाय देऊन चढतो तिथला रंग उडालेला, चाकांना तांबडा चिखल. सगळा पावसाळा इंद्रजितराव ते विमान मळवत होते. (एरवी पलंगावर ओला टॉवेल टाकला तरी त्यांची शोभा व्हायची.)

तर असं हे विमान त्यांनी दसऱ्याच्या सकाळी अंगणात, कोयत्या-खुरप्यांच्या शेजारी ऐटीत ठेवलं. आईला म्हणाले, यंदा पेन नाही, हे माझं हत्यार. सारजाबाईंना पोराचं कौतुक वाटलं. मग इंद्रजितराव झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला चौकात गेले.

आता पूजेला मांडायची वस्तू आधी घासायची असते, हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. इंद्रजितरावांनाही ठाऊक होतं. पण त्यांनी आजवर मांडलेलं पेन कधी कुणी घासलं नव्हतं, त्यामुळे हा भाग डोक्यातून निसटला.

ते परतले तेव्हा पाटावर सगळी हत्यारं लखलखत होती. कोयता लखलखत होता, विळी लखलखत होती, आणि मधोमध देवघरातल्या समईसारखं पिवळंधमक असं काहीतरी लखलखत होतं. त्याला पंख होते.

"लई मळलं हुतं रं," सारजाबाई हात पुसत म्हणाल्या. "किती दिस धुतलं न्हवतंस? सोड्याच्या कढत पाण्यात भिजत घातलं तवा कुटं सुटलं. मग चिंच लावून काथ्यानं काढलं."

सारजाबाईंनी पुढची सेवाही सांगितली. पंख्याची पाती पिळवटली होती, ती वरवंट्यानं ठोकून सरळ केली. पाठीवर एक तार टोचत होती, ती मोडून टाकली. आत बसायची जागा रिकामी दिसत होती, तिथे गणपती म्हणून सुपारी बसवली. नाकावर हळदीकुंकू लावलं होतं आणि शेपटीला दारातल्या जास्वंदीचं फूल होतं. एवढं सगळं त्यांनी मायेनं केलं होतं, म्हणून इंद्रजितरावांना रागावताही येईना. ते पायरीवर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

गौतमी किल्ल्यांना कुंकू लावत होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिला एकदम वाईट वाटलं. खोली तिला हवी होती, पण ती अशी नको होती. तिनं सासूबाईंना समजावलं की तो मळ मुद्दाम केलेला होता आणि बक्षीस त्या मळालाच मिळणार होतं. सारजाबाईंना हे पटायला वेळ लागला. जन्मभर घासून संसार केलेल्या बाईला मळाला बक्षीस देणारी माणसं कुठल्या घरची असतील, हेच कळेना.

"मळच पायजे ना?" अखेर त्या म्हणाल्या. "मग त्यात रडायचं काय? मळवूया की."

दसऱ्याच्या दिवशी गावात लोक सोनं वाटत फिरत होते आणि हे घर एक विमान मळवत बसलं. इंद्रजितरावांनी हिरव्या-तपकिरी रंगाचे हात मारले. ते वाळेनात, म्हणून गौतमीनं केस वाळवायचं यंत्र आणून पंखांवर धरलं. वाऱ्यानं हिरवा रंग तपकिरीत शिरला आणि दोहोंचा मिळून शेणाचा रंग झाला. काजळी लावायला बारीक कुंचला शोधेपर्यंत सारजाबाईंनी विमान उचलून पेटत्या बंबावर धरलं. काजळी लागली. धुराड्यांमागे लागली, पुढे लागली, सुपारीलाही लागली. चाकांचा चिखल इंद्रजितरावांनी स्वतः लावला, पण ते पाठ वळवत तेव्हा सारजाबाई पदराच्या टोकानं तेवढा कोपरा पुसून घेत. त्यांना विचारलं तर म्हणत, सवय हाय, हात न्हाई राहत. ओल्या रंगावर तिघांच्याही बोटांचे ठसे उमटले. संध्याकाळी ते विमान लढून आलेलं नाही, तर गटारात पडून वर काढल्यासारखं दिसू लागलं.

"जाऊ द्या, न्यायचं," गौतमी म्हणाली. "न नेता हरण्यापरास नेऊन हरलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी इंद्रजितरावांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर विमान घेऊन ती लवळ्याला निघाली. हिंजवडीच्या कोंडीत ते अडकले. शेजारच्या टेम्पोवाल्यानं काच खाली करून, हे दृष्ट लागू नये म्हणून घरावर लटकवायचं काय, असं विचारलं. कॉलेजात पोचेपर्यंत मोठ्यांच्या गटाचं टेबल काचेच्या पेट्यांनी भरून गेलं होतं. धावपळीत असलेल्या एका विद्यार्थिनीनं, काका, तूर्त इथे ठेवा, म्हणत विमान शेजारच्या टेबलाच्या टोकाला ठेवलं, त्याच्यापुढे नंबराची पट्टी लावली, त्याच नंबराची चिठ्ठी इंद्रजितरावांच्या हातात दिली आणि ती निघून गेली. शेजारी पुठ्ठ्याचा लाल किल्ला आणि आइसक्रीमच्या काड्यांचं घर होतं. इंद्रजितरावांना वाटलं, इमारतींचा विभाग असेल.

परीक्षक म्हणजे मुठा गावात बंगला बांधून राहणारे, हवाई दलातून निवृत्त झालेले एक साहेब. ते काचेच्या पेट्यांपुढून पाठीमागे हात बांधून गेले. हरिकेनपाशी मात्र थांबले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि हसले. इंद्रजितरावांनी गौतमीचा हात घट्ट धरला. लग्नानंतर तो त्यांनी एवढ्या घट्ट धरला नव्हता.

बक्षीस समारंभात मोठ्या गटाची तिन्ही बक्षिसं काचेच्या पेट्यांकडे गेली. इंद्रजितरावांनी मनातल्या मनात खोलीचा निरोप घेतला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता बालगटातलं पहिलं बक्षीस," आणि त्यांनी जो नंबर वाचला तो इंद्रजितरावांच्या हातातल्या चिठ्ठीवर होता.

आता उठून खरं सांगावं, तर बक्षीस जाणार आणि बक्षिसाबरोबर खोली. न सांगावं, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी बालगटात. इंद्रजितराव तसेच उठले आणि मंचावर गेले.

"मुलाचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"इंद्रजित," ते म्हणाले. दुसरं नाव वेळेवर सुचलं नाही.

"आला नाही?"

"शाळा आहे."

साहेबांनी माइक जवळ ओढला. त्यांचा आवाज भरून आला होता. "हल्ली मुलांच्या नावावर पालकच मॉडेल करून देतात. या विमानाला मोठ्या माणसाचा हात लागलेला नाही, हे पाहताक्षणी कळतं. पाती चुकलीत, रंग फिसकटलाय, पण ही या मुलाची स्वतःची मेहनत आहे. सुपारीचा वैमानिक तर मोठ्यांना सुचलाच नसता. पालकांनी असंच लांब राहावं. फक्त रंगाआधी त्याला हात धुवायला शिकवा."

टाळ्या झाल्या. प्रमाणपत्र, कंपासपेटी आणि चॉकलेटचा डबा घेऊन इंद्रजितराव खाली उतरले. गौतमीनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. घरी पोचल्यावर इंद्रजितरावांनीच भीत भीत विचारलं, की हे बक्षीस धरायचं का नाही.

"शब्द दिला म्हंजे दिला," गौतमी म्हणाली. "जाणत्या माणसानं बक्षीस दिलंय. खोली ऱ्हाईल."

इंद्रजितरावांना इतका आनंद झाला, की ते तसेच विमान घेऊन खोलीत गेले आणि रात्रीच्या जेवणाची हाक आली तरी त्यांना ऐकू गेली नाही. शेवटी गौतमी दारात येऊन उभी राहिली. ते निमूट उठले आणि पाटावर येऊन बसले. ताट पुढे सरकवण्याआधी तिनं त्यांना दोन्ही हात पुढे करायला सांगितले. त्यांनी ते केले. तिनं उलटसुलट करून पाहिले आणि त्यांना परत मोरीकडे पाठवलं.