दहा मिनिटांचा जनरेटर

"मेकॅनिक? मेकॅनिक कशाला? मी आहे ना!"

बोटीवर पाऊल ठेवता ठेवता उदयसिंहांनी हे जाहीर केलं, आणि बोटवाल्या मुरलीनं आपल्या मेकॅनिकला मुकाट्यानं धक्क्यावर उतरवून दिलं. करणार काय? उदयसिंह म्हणजे ओरगडमच्या ट्रक कारखान्यात तीस वर्षं इंजिनं तपासलेला माणूस! निवृत्त झाल्यापासून तपासायला इंजिनच मिळेना, म्हणून शेजारच्यांचा मिक्सर फिरला की भिंतीला कान लावून त्याचं निदान करायचे.

निमित्त होतं सासूबाईंच्या, म्हणजे सईबाईंच्या, ऐंशीव्या वाढदिवसाचं. बायको कृष्णवेणी त्यांना कानीकपाळी ओरडून सांगत होती, "अहो, एग्मोरला एखादा हॉल घ्या. लिफ्ट असते, जेवण असतं, जीव सुखात असतो!" पण उदयसिंह हटून बसले. "हॉल काय, कुणीही घेतं! अम्मांना बोटीतून फिरवायचं. तीही एसी बोट!"

खरं सांगायचं तर मनात वेगळंच होतं. चौतीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी त्यांचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. तमिळमध्ये "माप्पिळ्ळे" म्हणून जावयाला हाक मारायची आणि मग खिडकीबाहेर बघत बसायचं, एवढाच त्यांचा संवाद!

तर ऐन मे महिना, कत्तिरीचं म्हणजे तिकडचं सगळ्यात कडक ऊन, भर दुपार, आणि मुट्टुकाडूच्या खाडीत काचेच्या बंद केबिनमध्ये बावीस पाहुणे. खिडक्या न उघडणाऱ्या. सगळ्यांची भिस्त एसीवर आणि एसीची जनरेटरवर!

पहिली दहा मिनिटं स्वर्ग होता. मग खालून 'फुर्रर्र' असा आवाज आला आणि सगळं थंडावलं. म्हणजे एसी थंडावला, माणसं तापली!

"काही नाही, काही नाही! बसा!" उदयसिंह बाह्या सरसावत खाली उतरले. डिझेल भरपूर. तेल ठीक. बटण दाबलं तर जनरेटर शहाण्या मुलासारखा धडधडायला लागला! ते वर आले तेव्हा टाळ्या पडल्या.

"हवा अडकली होती," ऑपरेशन करून आलेल्या सर्जनच्या चेहऱ्यानं त्यांनी सांगितलं.

दहा मिनिटांनी पुन्हा फुर्रर्र!

या वेळी त्यांनी जनरेटर थंड ठेवणाऱ्या खाडीच्या पाण्याची जाळी उघडली. आत मेदुवड्याएवढी जेलीफिश! "सापडला चोर!" म्हणत त्यांनी ती चिमट्यात धरून काचेतून सगळ्यांना दाखवली. एक मामी किंचाळल्या, दोन पोरं रडायला लागली. जनरेटर मात्र सुरू झाला.

नऊ मिनिटं चालला!

"सार, ओरु निमिषम, एक मिनिट..." मुरली दारातून म्हणाला.

"तू सुकाणू बघ!"

मग निघाला नवा सिद्धांत. "लोड जास्त होतोय! फ्रिज बंद करा!" फ्रिज बंद झाला. आइस्क्रीमची बासुंदी झाली. जनरेटर पुन्हा बंद पडला.

"सार..."

"सुकाणू, मुरली, सुकाणू!"

तोवर उदयसिंहांच्या रेशमी शर्टावर डिझेलचे नकाशे उमटले होते. "आलं लक्षात! बोट उजवीकडे कललीय, डिझेल एका कोपऱ्यात जमतंय. सगळे डावीकडे सरका!" एकवीस पाहुणे ताटं सावरत डावीकडे दाटीवाटीनं बसले. बोट अशी कलली की केक एकटाच निघाला आणि थेट एका काकांच्या मांडीवर जाऊन बसला! सईबाई तेवढ्या हलल्या नाहीत. "मी का हलू? वाढदिवस माझा आहे!"

आणि पुन्हा फुर्रर्र! बायकांच्या कपाळावरचं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं. केकवाल्या काकांनी शर्टच काढून टाकला. कृष्णवेणी नवऱ्याकडे नुसती बघत होती. त्या नजरेपेक्षा ऊन बरं!

शेवटी मुरलीनं नांगर टाकला, परवानगी न मागता जनरेटर सुरू केला आणि उदयसिंहांचा हात धरून त्यांना केबिनच्या दाराशी उभं केलं. "आता हलू नका सार. फक्त अम्मांकडे बघा."

पाच मिनिटं गेली. सात गेली. सईबाईंनी हातातलं ताक संपवलं. पेला खाली ठेवला. मग भिंतीवर सजावटीसाठी लावलेल्या मोगऱ्याच्या माळेखाली बोट घालून त्यांनी काहीतरी चाचपलं आणि दाबलं.

फुर्रर्र!

ताबडतोब नात कनका धावत आली. "अज्जी, उकडतंय का? ताक देऊ?"

"दे गं."

"जनरेटर बंद करायचं बटण आहे ते," मुरली हळूच म्हणाला. "सकाळी तुम्हीच त्यावर माळ टांगलीत. दोनदा सांगायला आलो, सार!"

उदयसिंहांनी रागानं तोंड उघडलं. तेवढ्यात सईबाई शेजारच्या मामींना सांगताना ऐकू आल्या, "काय झोकाची बोट आहे! घंटा दाबली की पोरगी ताक घेऊन हजर. घरी चार हाका मारल्या तरी कुणी ओ देत नाही हो! माप्पिळ्ळेंनी सोय मात्र फार छान केलीय!"

उदयसिंहांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चौतीस वर्षांनी! आणि तेही चारचौघांत!

त्यांनी मुरलीच्या कानात काहीतरी सांगितलं. मुरलीनं "अम्मा, इथून बगळे छान दिसतात" म्हणत त्यांची खुर्ची बटणापासून लांब, पुढच्या काचेशी हलवली. कनकाला हुकूम मिळाला, की दर दहा मिनिटांनी न मागता ताक द्यायचं. जनरेटर जो सुरू झाला तो थेट धक्क्यापर्यंत थांबला नाही.

"पण झालं काय होतं नक्की?" घाम पुसत काकांनी विचारलं. सगळी केबिन कान टवकारून बसली.

उदयसिंहांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं. त्या बगळे मोजत होत्या.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "उगाच नको तिथे हात घातला."

कृष्णवेणी गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"काय म्हणालात?"

"माझं चुकलं म्हटलं."

"थांबा हं!" तिनं घाईघाईनं पर्समधून मोबाइल काढला. "अगं कनका, सगळ्यांना जरा गप्प कर. हं, आता कॅमेऱ्याकडे बघून, मोठ्यानं!"