बेचाळीस नंबरची रिकामी बस

"महिनाभरात या महानगराची वाहतूक सरळ करून दाखवतो, नाहीतर नाव बदलीन!" आकडेशास्त्रींनी भरसभेत ठणकावलं. नियोजन खात्यात त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे बदलण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं म्हणा!

तिजोरीत खडखडाट होता. रिकाम्या धावणाऱ्या बस बंद करा, असा वरून हुकूम आला. शास्त्रींनी प्रत्येक मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर एकेक कारकून बसवला आणि आठ दिवस उतारू मोजले. बेचाळीस नंबरचे उतारू किती? शून्य!

"साहेब, एकदा बघून तरी येऊ," त्या थांब्यावरचा कारकून चाचरत म्हणाला.

"शून्यात काय बघायचंय?" म्हणत शास्त्रींनी सही ठोकली.

सोमवारी सकाळी ते थोरल्या बहिणीबरोबर नेहमीच्या थांब्यावर उभे राहिले. आईच्या माघारी ताईनेच त्यांना वाढवलं होतं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती आणि दोघं रोज एकाच बसने जात. अर्धा तास झाला तरी बस येईना.

"काय हा भोंगळ कारभार!" शास्त्री कडाडले.

"बेचाळीस बंद झाली म्हणे," ताई म्हणाली.

शास्त्रींच्या पायाखालची जमीनच सरकली! गाडीचा नंबर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ताई चढली की तिच्या मागोमाग चढायचं, एवढंच त्यांना ठाऊक. इस्पितळ आणि ऑफिस दोन्ही शेवटच्या थांब्याअलीकडच्या सिग्नलपाशी. ड्रायव्हर तिथेच दार उघडायचा आणि अख्खी बस रिकामी व्हायची. शास्त्रीही तिथेच उतरायचे. पण कागदावर सिग्नल हा थांबाच नव्हता!

ते धावतपळत मोठ्या साहेबांकडे गेले.

"बंद करायला एक सही पुरते," साहेब म्हणाले. "सुरू करायला उतारूंची नवी मोजणी लागते."

"मग करू की मोजणी!"

"बसच नाही, तर उतारू कुठले मोजणार?"

"असला अडाणी नियम केला कुणी?"

साहेबांनी फाईल त्यांच्याकडे फिरवली. खाली शास्त्रींचीच झोकदार सही होती.

ताई दोन बस बदलून कामावर जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात तीनदा उशीर झाला आणि अकरा वर्षांची नोकरी गेली. त्या संध्याकाळी ती कामावरचा निळा डगला घडी घालून कपाटात ठेवत होती. शास्त्री दारातच घुटमळले. सभेतला आपला तो आवाज आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, चुकलं गं माझं."

ताईने डगल्यावरून एकदा हात फिरवला.

"मला नाही मोजलंस, ते जाऊ दे रे," ती म्हणाली. "पण रोज माझ्या शेजारीच बसायचास ना? निदान स्वतःला तरी मोजायचंस!"