सिंहाच्या मानेतला तिठा

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता, हे तुम्ही कितीदा तरी ऐकलंय. पण त्या सिंहाच्या आत कोण राहत होतं, हे विचारलंत कधी? नाही ना? मग आता चुळबुळ न करता ऐका.

सिंहाच्या मानेत एक रक्तवाहिनी होती. तिला आतून अस्तर होतं. त्या अस्तरात एकमेकांचे हात धरून काही मंडळी राहायची. तुमच्या पुस्तकात त्यांना पेशी म्हणतात. म्हणू देत बापडे. त्यांच्यातल्याच एकीचं नाव यमुनाक्का.

या मंडळींचं काम एकच. रक्त वाहील त्या दिशेला लांब आडवं व्हायचं आणि ते पाठीवरून किती जोरात घासून जातंय ते ओळखायचं. सिंह धावला की लोंढा येई. मग भिंतीमागे नळी आवळून बसलेल्या दादबा पैलवानाला हाक मारायची, "दादबा, सैल सोड!" दादबा सैल सोडी, वाट रुंद होई.

यमुनाक्काचं घर होतं तिठ्यावर. तिथे नळीला दोन फाटे फुटत. त्यातला एक मेंदूकडे जाई. मेंदूत तिची धाकटी बहीण राहायची, मंजुळा. महाराजांच्या ओठाचं एक टोक वर उचलून धरणं हे मंजुळेचं काम. पोरगी गुणी होती हो.

तिठ्यावर रक्त भोवरा घेतं, पुढे जातं, मागे येतं. पण लोंढा जोराचा असला की यमुनाक्का निभावून नेई.

पुढे महाराजांनी शिकार घरपोच मागवायला सुरुवात केली. कोल्हा हरणं गुहेच्या दारात आणून टाकी आणि महाराज लोळत जेवत. आत रक्त रेंगाळायला लागलं. तिठ्यावर तर नुसती कालवाकालव.

"अगं, डोकं कुठे करू नि पाय कुठे?" यमुनाक्का वैतागली. शेजारपाजारची मंडळी अंग आखडून गोल झाली. हातातले हात सुटले. मध्ये फटी पडल्या.

त्या फटीपाशी लोणीशेठ आले. रक्तातून हिंडणारी चरबी म्हणजे लोणीशेठ.

"अक्का, जरा टेकू का? लगेच उठतो."

कसले उठतायत! आत शिरून अंथरूण पसरलं आणि भावकीही बोलावून घेतली. यमुनाक्काने आरडाओरडा करून रक्तात गस्त घालणारे शिपाई आणले. शिपायांनी लोणीशेठना खायला घेतलं. इतकं खाल्लं, की मेले तिथेच पोट धरून पसरले. या सगळ्यांचा मिळून तिठ्यावर चांगला उंचवटा झाला.

अलीकडच्या सरळ नळीत राहणारे सरळेअण्णा पाहणीला आले. अण्णांच्या आळीत रक्त नाकासमोर वाहायचं, म्हणून अण्णांना कधी काही झालं नव्हतं. अण्णांना मात्र वाटे, ही आपली शिस्त.

"वा! टेकडी!" अण्णा म्हणाले.

"टेकडी कसली डोंबलाची? गाठ आहे ती! वाट अरुंद झालीय. माझ्या मंजुळेला रक्त पुरत नाही."

"अक्का, तुम्हा तिठ्यावाल्यांचं कायम रडगाणं. टेकडीपाशी रक्त किती वेगात निघालंय बघा. आमच्याकडेसुद्धा एवढा वेग नाही!"

अण्णांनी फीत कापली. वाट चिंचोळी झाली की वेग वाढणारच. पण टाळ्यांच्या कडकडाटात ते ऐकतंय कोण?

एके दिवशी गांधीलमाश्या महाराजांच्या मागे लागल्या. शेपूट घालून महाराज सुसाट पळाले. आत लोंढा आला, जोराचा, एकाच दिशेचा.

"अगं बाई, इकडे होय!" यमुनाक्का लांब आडवी झाली. शेजारीही आडवे झाले. सुटलेले हात पुन्हा हातात आले. तिने जीव खाऊन हाक मारली, "दादबा, सैल सोड!" टेकडीखाली दबलेला दादबा कण्हला, पण त्याने सैल सोडलं. मंजुळेला पोटभर रक्त मिळालं. यमुनाक्काला इतका आनंद झाला, की गांधीलमाश्यांना तिने मनातल्या मनात ओवाळलं. महाराज रोज एवढं पळाले तर बहीण वाचेल, हे तिला पाठीवर कळलं होतं.

बाहेर महाराज धापा टाकत होते. कोल्ह्याने छातीला कान लावला.

"अरे देवा, धडधडतंय! महाराज, आजपासून सक्तीची विश्रांती."

गांधीलमाश्या हद्दपार झाल्या. 'पळा' हा शब्द उच्चारायला जंगलात बंदी आली. महाराज लोळले, रक्त रेंगाळलं, हात पुन्हा सुटले. आणि एका सकाळी टेकडीला चीर गेली. चिरेपाशी रक्त गोठलं. मेंदूची वाट बंद झाली.

"मंजुळे! अगं मंजुळे!"

ओ आली नाही.

त्याच वेळी भरल्या दरबारात महाराजांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, ते सरळ होईना. मग कोल्ह्याने टाळी वाजवली.

"महाराज हसले!"

साऱ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. आतून अण्णांनीही वाजवल्या. एकटी यमुनाक्का रडत होती. ओठाचं टोक कुणाच्या हातून सुटलं, ते तिला ठाऊक होतं.

तात्पर्य: बाळांनो, घर नेहमी सरळ वाटेवर घ्यावं. म्हणजे तिठ्यावरची गाठ टेकडी दिसते, आणि ती फुटली तरी महाराज हसल्यासारखेच वाटतात.