फिरंगी मुलखी अबिलिओ मेस्त्री याणे भिंत राखिली त्याची हकीकत

श्री. जो पायास बळ देतो आणि छपरास धीर देतो, त्यास प्रथम नमन. साहेबी पुसिले की, रेडकरांनी परमुलखी जुने घर घेतले ते पडले ऐसे ऐकितो, तरी खरे वर्तमान काय ते लिहोन पाठविणे. आज्ञा प्रमाण. पाहिले व ऐकिले तैसे लिहितो.

शके १९४०, विलंबी नाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी हेमलताबाई रेडकर, मूळ राहणार वेंगुर्ले, विलायतेत तीस वर्षे रुग्णालयी परिचारिका होत्या, त्या सेवेतून मोकळ्या जाहल्या, आणि त्यांचे यजमान भास्करराव, ज्यांणी सारी उमर कचेरीत बसोन रस्त्यांचे नकाशे काढिले, तेही मोकळे जाहले. मग उभयतांनी विचार केला की थंडी पुष्कळ भोगली, आता उन्हात राहावे; आणि पश्चिम समुद्राकडील फिरंगी मुलखात, डोंगराचे उतारावर, जैतुनाच्या, ज्यास विलायतेत ऑलिव्ह म्हणती, झाडीत दीडशे वर्षांचे दगडी घर होते ते घेतले. भाषेची अडचण पडेल म्हणावे, तर चावी, मेज, बालदी हे शब्द दोहींकडे एकच निघाले, आणि बाकीची बोली बाईंनी बाजारात भाजी घेता घेता तीन महिन्यांत शिकोन घेतली.

घर सुंदर, परंतु उत्तरेची भिंत मध्यावर फुगोन बाहेर आलेली. शहराहून सरकारी दप्तराचे तरुण इंजिनेर पाहावयास आले, त्यांणी भिंतीस ओळंबा लाविला आणि म्हणो लागले की, "ही पडणार. पाडोन टाका आणि सिमेंटाची उभी करा. पावसाळ्याआधी न केलेत तर या घरी राहू देणार नाही." हे ऐकोन भास्करराव राजी जाहले. तेथील पावसाळा आश्विनाचे शेवटी लागतो. परंतु गावकऱ्यांनी बाईंस सांगितले की, दगडाचे काम जाणणारा एकच उरला आहे, अबिलिओ मेस्त्री, वय चौऱ्याहत्तर. हल्ली त्यास कोणी बोलावीत नाही, कारण सर्वांस सिमेंट लवकर हवे. मग बाईंनी त्यास बोलाविले, आणि तो आपली कन्या देल्फिना, जी सुतारकाम करिते, तीस घेऊन आला. आला तो भिंतीस तळहात लावोन या टोकापासोन त्या टोकापावेतो चालिला, नाक लावोन वास घेतला, मग खाली बसोन म्हणाला, "बाई, हिला कोणी तरी सिमेंटाचा गिलावा केला आहे. आत आलेले पाणी बाहेर जात नाही. माणसास रबरी डगला घालोन उन्हात उभे केले तर काय होईल?"

बाई म्हणाल्या, "घामाने भिजेल, कातडी सडेल."

"तेच झाले आहे. हाडे चांगली आहेत. गिलावा काढीन, फुगलेला भाग तेवढा उतरवीन, आणि तेच दगड चुन्यात परत बसवीन. मात्र मला घाई करू नका."

मग घरात मोठा वाद पडला. भास्करराव बोलिले, "हेमा, इंजिनेराने शास्त्र पाहून सांगितले आहे. हा म्हातारा वास घेऊन सांगतो. उद्या ती भिंत कोणाच्या अंगावर आली तर?"

बाई म्हणाल्या, "अहो, तीस वर्षांत मी पुष्कळ डॉक्टर पाहिले. जो आधी हात लावून पाहतो, त्याचे मी ऐकते." आणि जबाबदारी आपली ऐसे इंजिनेरास कागदावर लिहोन दिले. भास्कररावांनी त्यावर सही केली नाही.

परंतु त्यांचा स्वभाव असा की काम मनाविरुद्ध असो, ते अव्यवस्थित होऊ देणार नाहीत. श्रावणमासी दगड उतरविणे सुरू जाहले, तेव्हा ते खडू घेऊन उभे राहिले आणि प्रत्येक दगडावर, खालोन कितवा थर आणि थरात कितवा दगड, ऐसा क्रमांक घालीत गेले, आणि कोणता दगड कोठील याचा नकाशा मेजावर काढीत गेले. आकडे घातले ते लहानपणच्या सवयीने मराठी. अबिलिओ पाहोन म्हणाला, "हे काय किडे काढिले आहेत?" परंतु आठ दिवसांत तो ते किडे वाचो लागला.

छपरास देल्फिनाने आधीच लाकडी टेकू दिले होते, आणि दोनशे अकरा दगड उतरले. मग भाद्रपदात, खालचे चार थर बसले असता, एक मोठा दगड हातातोन सुटला आणि अबिलिओचा उजवा पंजा त्याखाली सापडला. बाई धावोन आल्या, बोटे तपासोन पट्टी बांधली आणि शहरास नेऊन हाडांचे चित्र काढविले, तो दोन हाडे मोडलेली. "दोन महिने हाताने काही उचलावयाचे नाही," ऐसे बाईंनी निक्षून सांगितले. पाऊस पाच आठवड्यांवर आला होता. गावात बोलो लागले की म्हातारा संपला आणि घरही संपले. अबिलिओ दोन दिवस घरातोन बाहेर आला नाही.

तिसरे दिवशी सकाळी भास्करराव आपण होऊन त्याचे दारी गेले. म्हणाले, "मेस्त्री, मी तुमच्यावर विश्वास ठेविला नव्हता. पण नकाशा माझा आहे, तो अर्धा राहिला तर मला चैन पडणार नाही. तुम्ही खुर्चीवर बसा आणि सांगा. उचलावयास मी आहे, देल्फिना आहे." मेस्त्रीने त्यांचे हात पाहिले. म्हणाला, "हे हात कागदाचे आहेत." भास्करराव म्हणाले, "होय." मग मेस्त्री खुर्ची घेऊन निघाला.

पुढे सत्तावीस दिवस त्या घरी जे काम चालिले, ते पाहावयास गावचे लोक जैतुनाची तोड सोडोन येत. मेस्त्री डाव्या हाती काठी घेऊन बसे आणि एकेक आकडा मराठीत पुकारी, "पाच-सात. नाही, उलटा. हां. आता पाच-आठ." आणि बाप-लेकीचे बोलणे ते काय, "जरा डावीकडे," "बसला का?" "बसला." देल्फिनाने चुना मळावा, दगडाचे तोंड पाहावे आणि बसवावा, आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड आले म्हणजे तिघांनी मिळोन उचलावे, बाईदेखील. भास्कररावांच्या तळहातांस फोड आले, फुटले आणि कातडी जाड जाहली. बाईंनी मलम दिले, ते म्हणाले, "राहू दे."

आश्विन वद्य पंचमीस इंजिनेर आले. टेकू एकेक करोन काढविले. शेवटचा काढिते समयी मेस्त्रीने खुर्ची उचलोन भिंतीखाली नेली आणि तेथे बसोन पाव खाऊ लागला. भिंत हलली नाही. इंजिनेरांनी तीन ठिकाणी ओळंबा लाविला, पुन्हा लाविला, मग टोपी काढोन म्हणाले, "मी चुकलो. दप्तरात लिहावे लागते, भिंत कोणी बांधिली?"

मेस्त्री म्हणाला, "लिहा. देल्फिना, आणि भास्कर. मी बसलो होतो."

इंजिनेरांनी नाव नीट लिहिण्यास भास्कररावांपुढे कागद ठेविला. त्यांणी चष्मा शोधिला, तो डोळ्यांवरच होता. नाव लिहिले, आणि झाडीत जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. बाई त्यांचे मागे गेल्या नाहीत.

सारांश, घर पडले हे वर्तमान खोटे. दुसरे आठवड्यात पाऊस आला, सात दिवस पडला, भिंत आतोन कोरडी. अबिलिओचे बोट पुरते वळत नाही, सबब तो आता दगड उचलीत नाही. देल्फिनाकडे तीन गावांची कामे आहेत, आणि जेथे भिंत असेल तेथे ती भास्कररावांस गाडी घेऊन न्यावयास येते. कळावे.