थोरलीची उंची

खर्रर्र... टप्प!

दुपारच्या सामसुमीत मापाची पोलादी टेप आपल्या डबीत परत शिरली आणि पाळण्यातलं गाठोडं दचकून रडायला लागलं. पाऊण तास थोपटून, दोन गाणी आणि एक खोटी जांभई खर्च करून तिने त्याला नुकतंच झोपवलं होतं. ती तणतणत खिडकीशी गेली. अंगणात गाडीच्या मागच्या चाकापाशी नवरा आडवा पडला होता. दिसत होते ते फक्त पाय.

"अरे, ती टेप जरा हळू सोडता येत नाही का?"

"मागची डावी बाजू पाऊण इंच खाली आहे!" पाय म्हणाले. "परवा अर्धाच होती!"

गाडी साधीसुधी नव्हती. चारही चाकांना जोर असलेली, चौकोनी, बोजड, दार लावलं की शेजारच्या घरातही कळणारी. बावीस वर्षांपूर्वी आजोबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, ती घेतली तेव्हा नवरा शाळेत होता. सासूबाई तिला थोरली सून म्हणत. "आधी ती आली, मग तू," लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हिला सांगितलं होतं, "आणि सकाळी सुरू व्हायला दोघींनाही जड जातं." पुढे त्यातली सून गळाली आणि नुसती थोरली उरली.

गेल्या हिवाळ्यात सगळे डोंगरापलीकडच्या तळ्याकडे निघाले होते. नवरा लहान असताना आजोबा त्याला तिथे न्यायचे. शेवटच्या खडकाळ वाटेवर थोरलीचं पोट दगडावर असं काही खरवडलं की मागे बसलेल्या सासूबाईंनी स्वतःचं पोट धरलं. आजोबा म्हणाले, "राहू दे. पाहिलंय मी सगळं." गाडी वळवली. पुढच्या आठवड्यात नवऱ्याने जाहीर केलं, थोरलीला उचलायचं. म्हणजे स्प्रिंगा आणि शॉक बदलून तिचं धड चाकांपासून आणखी वर न्यायचं.

किती वर? इथेच घोडं अडलं. दोन इंच, तीन इंच की चार इंच? नवऱ्याचा स्वभाव असा की पुरती चौकशी केल्याशिवाय तो साधा चमचाही घेत नसे. मुंगीच्या, म्हणजे थोरल्या लेकीच्या वेळी, पाळणा निवडताना त्याने एवढा अभ्यास केला होता की पाळणा घरी आला तेव्हा मुंगी त्याच्याखालून रांगत गेली. आता पाच वर्षांनी त्यात तिचा भाऊ झोपत होता.

मिस्त्रीने सांगितलं होतं, "साहेब, आधी मापं घ्या. चाकाच्या मधोमध टेप धरायची ती वरच्या कमानीपर्यंत. चारी कोपरे. आणि गाडीत जे रोज असतं ते तसंच राहू द्या. वजन कळल्याशिवाय स्प्रिंग सांगता येत नाही. कायम ओझं असेल तर कडक, नसेल तर मऊ." मिस्त्रीच्या हिशेबाने हे पाच मिनिटांचं काम होतं. नवऱ्याने त्यासाठी वही घातली. घरातली एकुलती एक पेन्सिल स्वयंपाकघराच्या चौकटीला दोऱ्याने बांधलेली असे. मुंगीची उंची त्या चौकटीवर मांडत. "मग आजोबांची का नाही?" असा हट्ट धरून तिने गेल्या वर्षी आजोबांचीही एक रेघ मारून घेतली होती. ती पेन्सिल दोऱ्यासकट नवऱ्याच्या कानावर गेली.

अंदाज यावा म्हणून त्याने इंचभर जाडीच्या चार फळ्याही आणून अंगणात रचून ठेवल्या. "बघ, एवढी उंच होईल," तो अभिमानाने म्हणाला. मुंगीने टाळ्या पिटल्या. आजोबा फळ्यांकडे बघत चष्मा पुसत राहिले.

डॉक्टरांनी गुडघ्यामुळे दोन वर्षांपूर्वी आजोबांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. पण रोज सकाळी दहा वाजता आजोबा आणि मुंगी उभ्या गाडीत बसून प्रवासाला जात. आजोबा दाराची कडी धरत, डावा पाय वर टाकत, "एक, दोन... आणि गेलं!" म्हणत आत जाऊन बसत. "आज कुठे, मॅडम?" "समुद्रावर!" मग गिअरचा आवाज तोंडाने. हॉर्न मात्र खरा. परत यायला त्यांना अर्धा तास लागे, आणि तिच्या दिवसातला तेवढाच अर्धा तास तिचा स्वतःचा असे. चहा गरम असताना प्यायचा अर्धा तास.

सोमवारी ती मागच्या बाजूला लंगोट वाळत घालायला गेली आणि ओल्या चादरीआड थबकली. आजोबांनी एका स्टुलावर फळ्या मांडल्या होत्या. स्टूल गाडीच्या दाराच्या उंबऱ्याएवढं उंच. एक फळी ठेवली, पाय वर गेला. दोन ठेवल्या, दोरीचा खांब धरून कसाबसा गेला. तीन ठेवल्या. पाय निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि आजोबांनीच तो दोन्ही हातांनी धरून हळूच खाली ठेवला. मग त्यांनी फळ्या एकावर एक नीट रचल्या. चूक काही फळ्यांची नव्हती.

"बाबा."

आजोबा दचकले. "फळ्या मोजत होतो. चारच आहेत."

"मी सांगू का त्याला?"

"काय सांगशील? म्हाताऱ्याचा पाय उचलत नाही म्हणून गाडी उचलू नकोस?" ते हसले. "त्याची हौस आहे गं. बावीस वर्षं मी माझ्या मनाने चालवली, आता त्याची पाळी. बोलायचं नाही. शब्द दे."

तिने शब्द दिला. पण शब्द तोंडापुरता होता, हातांबद्दल काहीच ठरलं नव्हतं. तिने हिशेब मांडला. मागची बाजू वर आली, मापं बरी निघाली, तर नवरा म्हणेल, कशाला एवढी उचलायची? आणि मागची बाजू वर आणायची तर ओझं काढायचं.

मंगळवारी नवरा कामावर गेला, तिने आजोबांना हिशेब सांगितला आणि सासरे-सुनेने मिळून थोरली लुटली. मागची चटई उचलून खड्ड्यातली स्टेपनी काढली आणि घरंगळत आणून पाळण्याखाली सारली. हत्यारांची पेटी कॉटखाली गेली. जॅक आणि ओढायची साखळी लंगोटांच्या टोपलीत, कारण त्या टोपलीत नवरा आपण होऊन हात घालणार नाही याची तिला पुरेपूर खात्री होती. सासूबाईंची तिला आठवणच राहिली नव्हती.

"अगं बाई!" संध्याकाळी आतून आवाज आला. "लंगोटांत साखळदंड? पोराला आत्तापासूनच बांधून ठेवताय की काय?"

"आई, हळू! बाबांसाठी आहे."

सासूबाईंनी साखळीकडे पाहिलं, मग बाहेर पेपराआड दडलेल्या स्वतःच्या नवऱ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं उशीर केलास," त्या म्हणाल्या आणि साखळीवर दोन लंगोट पसरून निघून गेल्या.

बुधवारी सकाळी मागची बाजू अर्धा इंच वर. नवरा चक्रावला. आजोबांनी सुनेकडे बघून एक डोळा मिटला. गुरुवारी तीच बाजू पाऊण इंच खाली. आता सासरे-सूनही चक्रावले. शुक्रवारी आणखी खाली. नवऱ्याने गाडी तोंड फिरवून लावली, फरशीला उतार आहे का ते बघायला पाण्याची बाटली आडवी ठेवली. बाटली जागची हलली नाही. त्याने वहीतल्या त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

"स्प्रिंगा मेल्यात," जेवताना तो म्हणाला. "उभ्या उभ्या बसतेय गाडी. आता दोन इंचांनी भागायचं नाही. चार इंच, आणि ओझ्याच्या कडक स्प्रिंगा. उद्या सगळ्यांनी यायचं, माणसांसकट माप घ्यायचंय."

करायला गेलो एक! तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "वा! चार म्हणजे चारच. उगाच कंजुषी नको." आणि पाणी प्यायले. पेला रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मिस्त्रीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वहीची सतरा पानं न उघडताच बाजूला ठेवली आणि थोरलीच्या मागच्या कोपऱ्यावर गुडघा टेकून दाब दिला. थोरली ढिम्म.

"साहेब, गाडीत भरलंय काय?"

"काही नाही. नेहमीचंच."

मिस्त्रीने मागचं दार उघडलं. "जॅक कुठंय? हत्यारं?"

नवऱ्याने आत डोकं घातलं आणि तो पांढरा पडला. "चोरी! आपल्या अंगणातून! थांबा, आधी पोलिसांना..." त्याने फोन काढला.

"पाळण्याखाली," ती म्हणाली.

"काय पाळण्याखाली?"

"स्टेपनी. पेटी कॉटखाली. जॅक लंगोटांत."

नवरा तिच्याकडे वळला. कडेवरच्या गाठोड्याने नेमकी तेव्हाच खदखदून हसण्याची वेळ साधली.

"तिला बोलू नकोस," आजोबा पुढे झाले. "मीच काढलं. गाडी हलकी झाली की तू उचलणार नाहीस असं वाटलं. तीन फळ्यांना पाय पोचत नाही रे. दोनला पोचतो."

मिस्त्री उगाच फडक्याने हात पुसत राहिला. नवऱ्याने फोन खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

"बाबा, मी तुमच्यासाठीच..." तो म्हणाला. "तळ्याला न्यायचं होतं तुम्हाला. तुम्ही 'राहू दे' म्हणालात ना, त्या दिवशी."

"मला वाटलं तुझी हौस आहे."

"हौसच आहे," नवरा म्हणाला.

"दोघेही ठोंबे," सासूबाई मिस्त्रीला म्हणाल्या. "तुम्ही तुमचं काम करा."

"करतो, पण आजी, सगळं काढलंय तर गाडी दबलीय कशाने?" मिस्त्रीने चटईला हात घातला.

"माझ्या समुद्राला हात लावायचा नाही!" मुंगी किंचाळली.

चटई वर आली. स्टेपनीच्या खड्ड्यात काठोकाठ दगड होते. मागची डावी गादी उचलली, तिच्याखालीही दगड. मुंगी रडवेली होऊन एकेकाची ओळख करून द्यायला लागली. "हा समुद्राचा. हा वाळवंटाचा. हा चंद्राचा आहे, तिथे एकदाच गेलो, पेट्रोल संपलं. आजोबाच म्हणाले, गेलेल्या ठिकाणचा एक दगड आणायचा, म्हणजे खरंच गेल्यासारखं होतं."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं. "मी आपला खडा म्हणालो होतो," ते पुटपुटले.

"आणि हे केवढाले?" तिने विचारलं.

"ते या आठवड्याचे. तुम्ही जागा केलीत ना! शेजारच्या बांधकामाच्या ढिगातून आणले. ढकलत ढकलत."

मिस्त्री हसता हसता खाली बसला. मग त्याने पोत्यात भरून सगळा समुद्र, सगळं वाळवंट आणि चंद्र बाहेर काढला. थोरलीने डावीकडून सुस्कारा टाकल्यासारखं केलं आणि ती वर आली. त्याने पुन्हा दाब दिला, कान लावला.

"आता राहिलंय ते वयाचं," तो मुंगीला समजावत म्हणाला, कारण ऐकण्याच्या मनःस्थितीत तिथे तीच एकटी होती. "वर्षानुवर्षं ओझं वाहिलं की स्प्रिंग हळूहळू बसते. दिसत नाही, पण बोटबोट उंची जाते. नव्या मऊ स्प्रिंगा घालू, दोन इंचांच्या. त्यातला एक इंच तर तिचा स्वतःचाच, गेलेला परत. तळ्यापर्यंत आरामात जाल. आणि आजोबांच्या दाराखाली एक पायरी ठोकून देतो."

सतरा पानांच्या अभ्यासाचा निकाल असा लागला. संध्याकाळी काम झालं. आजोबांनी कडी धरली. "एक, दोन..." नवऱ्याचा हात नकळत पुढे झाला आणि तिने तो मागे ओढला. "...आणि गेलं!" आजोबा आत. पण शेजारच्या सीटवर सासूबाई आधीच चढून बसल्या होत्या. "उंच आहे, बरं दिसतं इथून," त्या म्हणाल्या. "आता मला उतरवणार कोण?"

रविवारी तळ्याला जायचं ठरलं. घरी आल्यावर नवऱ्याने स्टेपनी जागेवर नेली, चंद्र कुंपणाशी मांडला आणि पेन्सिल पुन्हा चौकटीला बांधली. ती गाठोड्याला थोपटत होती. घर शांत झालं होतं.

खर्रर्र... टप्प!

"अगं मुंगे!"

स्वयंपाकघरात मुंगी स्टुलावर उभी होती. आजोबा चौकटीला पाठ टेकून शहाण्या मुलासारखे ताठ उभे होते. तिने त्यांच्या डोक्यावर पाटी आडवी धरली आणि एक रेघ मारली. गेल्या वर्षीची रेघ तिच्या वर होती. मुंगीने मधल्या जागेत आपलं करंगळीएवढं बोट ठेवून पाहिलं. बरोबर मावलं. मग ती आजोबांभोवती एक चक्कर मारून आली, पाठीवरून हात फिरवला, बंडीचे दोन्ही खिसे चाचपले. खिशात चष्म्याच्या घराशिवाय काही नव्हतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "आजोबांच्यात कुणी गं ठेवलेत दगड?"