पेद्राझाची डबल बेल

बुलडाणा डेपोत जाऊन कुणालाही विचारा, या माणिकराव कंडक्टरने छत्तीस वर्षांत एक तरी प्रवासी मागे सोडला का? नाही म्हणतील. यात्रेच्या गर्दीत नाही, लग्नसराईत नाही, संग्रामपूरच्या बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसतानाही नाही. देऊळघाटची एक म्हातारी पिशवीत शेळीचं पिल्लू घालून चढली होती, तर मी ते पिल्लूसुद्धा मोजून उतरवलं होतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात फुशारकीला कुठेच जागा नाही.

आमची मुलगी डिंपल स्पेनमध्ये, माद्रिदला, एका कॉम्प्युटर कंपनीत कामाला आहे. मी रिटायर झालो आणि तिने आम्हा दोघांना महिनाभरासाठी बोलावून घेतलं. तिला काही सुट्टी मिळेना, म्हणून तिने एका गाइडवाल्या बसची आमची तिकिटं काढली. सकाळी निघायचं, डोंगरावरची दोन जुनी गावं बघायची आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. पहिलं सेगोव्हिया, दुसरं पेद्राझा. डोंगरावरच्या गावाचं मला काय कौतुक सांगता! राजूर घाट दिवसातून दोनदा चढलेला माणूस मी.

आदल्या दिवशी आमच्या मंडळी, म्हणजे रुखमाबाई, भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "माह्यं एक ऐका. लगन झालं तवापासून आपण एका सीटवर बसून कुठी गेलो नाही. तुमच्या गाडीत मी बसली, तं तुम्ही तिकिटं फाडत उभे. इमानात बी जागा मागंपुढं आल्या. उद्या माह्याजवळ बसा. बाकी मले काई नाही पाह्यजे."

मी म्हटलं, त्यात काय एवढं. अगदी मनापासून म्हटलं हो.

सकाळी बसमध्ये चढलो. बस कसली, दिवाणखानाच. रुखमाबाईंना खिडकी दिली, शेजारी मी बसलो, पट्टा लावला. सेगोव्हियापर्यंत म्हणाल तर मी आदर्श नवरा होतो. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन लोकांचा दगडी पाणीपूल बघितला. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. रुखमाबाईंनी त्याला लांबूनच हात जोडले. तासाभराने सगळे बसकडे परतलो आणि तिथेच माझं बिघडलं.

आमची गाइड पिलार नावाची चटपटीत बाई होती, पण मोजणी म्हणाल तर आनंद. कागद हातात धरून ती मधल्या वाटेने जायची आणि एकेकाकडे बघून खूण करायची. तेवढ्यात कुणी बॅग ठेवायला उठायचं, कुणी जागा बदलायचं, की हिचं पुन्हा पहिल्यापासून सुरू. तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. माझे हात शिवशिवायला लागले. एखाद्या आचाऱ्यासमोर कुणी वाकडी पोळी लाटत बसावं, तसं मला झालं. मी पट्टा सोडला.

रुखमाबाई म्हणाल्या, "बसा ना." मी म्हटलं, आलोच.

पुढे जाऊन उभा राहिलो आणि एका नजरेत मागपर्यंत मोजून काढलं. "थर्टी वन, मॅडम." पिलारच्या कागदावर बत्तीस. मी पुन्हा मोजलं, पुन्हा एकतीस. ती घाबरली, ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला, एक उंच जर्मन आजोबा घड्याळ दाखवायला लागले. पाच मिनिटं हा गोंधळ चालला. मग मागून रुखमाबाईंचा आवाज आला.

"अहो, सोताले मोजा. तुम्ही इथं पाशिंजर हा."

कंडक्टर स्वतःला कधी मोजत नसतो, साहेब. छत्तीस वर्षं मी प्रवाशांत नव्हतोच. ती भाषा कुणाला कळली नाही, पण रुखमाबाईंनी माझ्याकडे केलेलं बोट सगळ्यांना कळलं आणि बसभर हशा पिकला. पिलारने तर टाळ्याच वाजवल्या. माझं काम काय होतं हे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत काढून घेतलं आणि आपल्या शेजारची पुढची जागा मला दाखवली. दिवसभरासाठी मोजणी माझ्याकडे!

आता तुम्हीच सांगा, परक्या देशात, पांढरा शर्ट घातलेल्या ड्रायव्हरच्या बाजूला, एवढ्या मोठ्या काचेसमोर मानाची जागा मिळत असताना कोण माघारी फिरेल? मी मागे वळून रुखमाबाईंना हाताने 'पाचच मिनिटं' अशी खूण केली. मग खिशातलं नाणं काढून दाराजवळच्या दांड्यावर दोनदा वाजवलं. टण टण. डबल बेल म्हणजे काय हे ड्रायव्हरला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने हसून गाडी काढली.

ती पाच मिनिटं पेद्राझापर्यंत चालली.

पेद्राझा म्हणजे टेकडीवर दगडी तटाच्या आत बसलेलं गाव. आत जायला एकच वेस, त्यामुळे बस बाहेर उभी करायची आणि चढ चढून पायी जायचं. मध्ये एक चौक, भोवती लाकडी सज्ज्यांची जुनी घरं. पिलार सगळं समजावून सांगत होती आणि मी तिच्या मागे शेवटचा माणूस येतोय की नाही ते बघत होतो. रुखमाबाईंचे गुडघे दुखतात, त्या चौकातल्या एका पायरीवर बसल्या. मी लांबूनच विचारलं, बरी आहेस ना? त्यांनी उत्तर दिलं नाही. आमच्यात उत्तर दिलं नाही म्हणजे बरं असतं, असं मी धरून चालतो.

परतीच्या वेळी मी सगळ्यांच्या आधी बसपाशी हजर. एकेक जण चढला, बसला. मी मोजायला सुरुवात केली आणि सकाळची चूक आठवली. या वेळी पहिलं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. एक. मग दोन, तीन, करत करत शेवटच्या सीटवर एकतीस. सकाळी एकतीस, आता एकतीस. हिशेब बरोबर! पिलार फोनवर बोलत होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मागे रुखमाबाईंच्या खिडकीशी त्यांची जांभळी शाल दिसत होती. रागावून तोंडावर शाल घेऊन झोपल्या असतील, तर उठवण्यात शहाणपण नव्हतं. मी नाणं वाजवलं. टण टण.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

वीसेक किलोमीटर गेल्यावर मला ब्लडप्रेशरची गोळी आठवली. गोळ्या रुखमाबाईंच्या पिशवीत. मागे गेलो, हळूच शाल बाजूला केली, तर खाली नुसती पिशवी. पिशवीत गोळ्या, पाण्याची बाटली, चष्मा आणि त्यांचा फोन.

मी बोटांवर हिशेब पुन्हा केला. सकाळचे एकतीस माझ्याशिवाय होते आणि आताचे एकतीस माझ्यासकट होते; मी डोकी मोजतो, शाल मोजणीत आलीच नव्हती. छत्तीस वर्षांत एकही प्रवासी सोडला नाही आणि सोडला तो नेमका हा! बाईला मराठीशिवाय भाषा येत नाही. डिंपलचा नंबर तिला पाठ नाही. गुडघे दुखतात, चष्मा माझ्या हातात, आणि त्या गावात तिला ओळखणारं कुणी नाही.

मी एकदाच ओरडलो. एकच बेल म्हणजे थांबा, हे ड्रायव्हरला सांगायची गरज पडली नाही. गाडी कडेला लागली.

पिलारचा चेहरा पांढरा पडला. तिने पेद्राझातल्या कुठल्याशा दुकानात फोन लावला आणि मला विचारलं, बायकोने काय घातलंय? मी म्हटलं, साडी. कोणत्या रंगाची? सकाळपासून मी सगळ्या बसवर नजर ठेवून होतो. जर्मन आजोबांच्या टोपीला कोणत्या बाजूला पीस खोचलंय ते मी सांगू शकलो असतो. बायकोच्या साडीचा रंग मला सांगता येईना.

मागच्या सीटवरची एक कोरियन मुलगी पुढे आली आणि तिने आपल्या फोनमधले फोटो दाखवले. पिवळी साडी, हिरवे काठ, पायात डिंपलने घेतलेले पांढरे बूट. दगडी पुलाच्या फोटोत एका कोपऱ्यात रुखमाबाई एकट्या. वेशीच्या फोटोत एकट्या. चौकातल्या फोटोत पायरीवर एकट्या, आणि बघतायत कुठे, तर जिथे मी हात वर करून लोकांना गोळा करत होतो तिकडे. मला लाज वाटली. इतकी लाज मला साहेबांनी अख्ख्या डेपोसमोर झापलं होतं तेव्हाही वाटली नव्हती.

दुकानातून 'बघतो' एवढंच उत्तर आलं आणि ड्रायव्हरने पुढच्या गावात गाडी वळवली. परतीची वीस मिनिटं मी दारातच उभा होतो. पिलारने दोनदा बसायला सांगितलं, पण बसवेना. जर्मन आजोबा जेवणाच्या वेळेबद्दल काहीतरी कुरकुरत होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो. ती रडत असेल, चार लोक भोवती जमले असतील, पोलीस असतील. मी सगळ्यांसमोर हात जोडेन. वाटलं तर पाय धरेन.

बस वेशीबाहेर थांबली आणि मी चढावर पळत सुटलो. माझ्यामागे पिलार, तिच्यामागे कोरियन मुलगी, तिच्यामागे सगळी बस. चौकात पोहोचलो तर सज्ज्याखाली पाच म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या. त्यातली एक पिवळ्या साडीत होती.

मधोमध शेंगांचा ढीग. त्या भागात मोठा पांढरा घेवडा पिकतो, त्याच्या वाळलेल्या शेंगा सोलणं चाललं होतं. चार म्हाताऱ्या स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, आमच्या बाई वऱ्हाडीत बोलत होत्या, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. रुखमाबाईंच्या पुढ्यातलं टोपलं सगळ्यात जास्त भरलं होतं.

मला धाप लागली होती. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. एवढंच निघालं, "तुले भेव नाही वाटलं?"

त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली, मग वर बघितलं.

"मी वेशीपर्यंत आली होती. गाडी जाताना पाह्यली. मंग वापस येऊन बसली."

"आवाज काऊन नाही देला?"

"छत्तीस वर्षं हेच तं करून राह्यली मी. तुम्ही जाता, मी थांबते, तुम्ही येता. आज त्यात नवीन काय झालं?"

त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साधेपणाने बोलल्या. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसलो आणि समोरची शेंग उचलली. मला सोलता येत नव्हती, तीही त्यांनी माझ्या हातातून घेतली.

म्हाताऱ्यांना पाहुण्यांचं काय वाटलं कोण जाणे, एकीने घरातून पाव आणला, दुसरीने चीज. बत्तीस माणसं चौकात पांगली. पिलारही घड्याळ बघायचं विसरली. निघताना त्यांनी रुखमाबाईंना दोन्ही गालांना गाल लावून निरोप दिला आणि हातात एक भोपळा दिला. भोपळा कसला, बाळंतपणाला आलेली बाईच! तो मी उचलला आणि चढ उतरून बसपर्यंत आणला.

बसमध्ये रुखमाबाई खिडकीशी बसल्या आणि भोपळा शेजारच्या सीटवर ठेवून घेतला. खाली ठेवला तर आपटेल, म्हणाल्या. मी क्षणभर उभा राहिलो. पुढे मानाची जागा मोकळी होती. मी भोपळा उचलला, सीटवर बसलो आणि तो मांडीवर घेतला. पायांना मुंग्या यायला सुरुवात झाली तरी हललो नाही.

पिलारने पुढून माझ्याकडे बघितलं आणि बोटांनी मोजायची खूण केली. माझं अंग सवयीने उचललं गेलं. रुखमाबाईंचा हात मनगटावर आला.

"बसा. मी इथंच हाय. बाकीच्याईचं ते गाइडबाई पाहून घेतीन."

मी पिलारला मानेने नाही म्हटलं. तिने कागद काढला, मग सगळे दमलेले बघून तो पुन्हा पिशवीत ठेवला. गाडी निघाली. रुखमाबाईंनी मला खिडकीतून एक चर्च दाखवलं, एक मेंढ्यांचा कळप दाखवला, आणि मी दोन्ही नीट बघितलं. साडीचे काठ हिरवे होते, बुट्टी सोनेरी. इतकं सुख मला कुठल्याही गाडीत मिळालं नव्हतं.

वीसेक किलोमीटर गेल्यावर मागे गलबला झाला. आजोबांसोबतच्या जर्मन आजी डुलकीतून जाग्या होऊन शेजारच्या रिकाम्या सीटकडे हात करत होत्या. आजोबा चीज घ्यायला गेले होते म्हणे. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि सगळी बस वळून माझ्याकडे बघायला लागली.

मी भोपळा घट्ट धरून बसलो होतो. मी पाशिंजर होतो.