जशी आहे तशी

बायकोला न विचारता घरात एकही वस्तू आणायची नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. (मी एकदा आणलेली छत्री फक्त घरातच उघडायची, तेव्हापासून.) पण सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, त्यांना व्यायामाला नेण्यासाठी गाडी हवी असं ठरलं आणि माझ्यातला पुरुष जागा झाला. "गाडीतलं मला कळतं," असं म्हणून मी एकटाच जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदार फारच गोड माणूस होता. "डॉक्टरांची गाडी आहे साहेब. रविवारीच बाहेर काढायचे." त्याच्या मागे भिंतीवर पाटी होती, 'गाडी जशी आहे तशी मिळेल.' मला तो प्रामाणिकपणा वाटला. मी चारही टायरांना एकेक लाथ मारली, गंभीर चेहऱ्याने "हं" म्हटलं आणि गाडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मागच्या सीटवर बरोब्बर मधोमध बसल्या. (कडेला बसलं की दार उघडून माणूस पडतो, ही त्यांची जुनी श्रद्धा.) त्या मागे टेकल्या मात्र, गाडीने हॉर्नचा असा काही टाहो फोडला की समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. वायपरही सुरू झाले. त्या पुढे वाकल्या, शांतता. पुन्हा टेकल्या, पुन्हा बोंब.

"मला बघून बोंबलली का ती?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई, तो जरा..."

"मी बसले की बोंबलायचं, हे हिला कुणी शिकवलं ते कळतंय मला." आणि त्या उतरून चालत्या झाल्या, गुडघ्यांसकट.

आता प्रश्न गाडीचा राहिला नाही. या घरातली माझी उरलीसुरली पत पणाला लागली होती. मी तडक दुकान गाठलं. दुकानदार मागच्या सीटवर खिडकीशी ऐटीत बसला, मागे टेकला. गाडी चूप. गरीब गाय जणू.

"कुठाय दोष? आणि असला तरी पाटी वाचलीत ना साहेब? जशी आहे तशी!"

मी पाटी वाचली आणि परत आलो. बायकोने मात्र ग्राहकांच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या बाईंचं म्हणणं तिने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "पाटी लावली म्हणून आपला हक्क जात नाही. उघड दिसत असताना घेतलेला दोष आपल्या पदरात. लपलेला दोष दुकानदाराच्या. फक्त तो दाखवता आला पाहिजे."

"पण तो आई बसल्याशिवाय दिसतच नाही!"

"मग आईला न्या."

सासूबाईंना पुरावा म्हणून नेणं सोपं नव्हतं. 'साक्षीदार' म्हटल्यावर मात्र त्या ठेवणीतली साडी नेसून निघाल्या. दुकानापर्यंत सगळा रस्ता त्या पुढे वाकून बसल्या होत्या. दारात गाडी थांबली आणि त्या टेकल्या.

दुकानात गाडी बघायला आलेलं एक कुटुंब कानांवर हात ठेवून बाहेर पळालं. दुकानदार धावत आला. सासूबाई क्षणभर पुढे वाकल्या.

"साहेब, मी बसलो तेव्हा गाडी ठीक होती. दोष गाडीत नाही, या आजींमध्ये आहे. आजींची गॅरंटी आम्ही देत नाही!"

"आजी कुणाला म्हणतोस रे?" म्हणून सासूबाई पुन्हा टेकल्या. या वेळी डोळे मिटून.

"दुरुस्त करून देतो!" दुकानदार ओरडला.

"तंदुरुस्त? आहेच मी!"

"दुसरी गाडी देतो!"

"दुपारी? दुपारी काय, संध्याकाळपर्यंत बसेन!"

बाहेर गर्दी जमली. वायपर कोरड्या काचेवर करकरत होते. शेवटी दुकानदाराने हात जोडले आणि पुटपुटला, "पैसे परत देतो."

हे मात्र सासूबाईंना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. त्या उठल्या.

पैसे मोजले जात होते तेव्हा मी छाती काढून उभा होतो. (न्याय शेवटी मिळालाच ना, आणि गाडी चालवत मीच आणली होती.) सासूबाईंनी दुकानदाराला नीट न्याहाळलं, मग मला न्याहाळलं आणि लेकीला विचारलं, "काय गं, घेतलेल्या वस्तूत पुढे दोष निघाला तर ती परत करता येते, असा कायदाच आहे का?"

बायकोने पैशांवरची नजरसुद्धा हलवली नाही.

"यांना नाही लागू व्हायचा तो, आई. यांचा एकही दोष लपलेला नव्हता."